मागचा श्वास

बटाटे काढून होईपर्यंत मी पळायला गेलो नाही. माझ्या बायकोला, जेलागातला, घराच्या मागे, गोठ्याच्या पलीकडे पुरलं तेव्हा लावण नुकतीच झाली होती. म्हणजे एक अख्खं पीक जमिनीत वाढलं, बाहेर निघालं, पोत्यांत भरलं गेलं, आणि तेवढा सगळा वेळ माझे बूट पडवीत उलटे पडून होते. शेवटचं पोतं उचललं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते पायात घातले. का घातले ते मला सांगता येणार नाही. जाग आली होती आणि घरात बसवत नव्हतं.

आमच्या इटेनमध्ये, केनियातल्या या पळणाऱ्यांच्या गावात, पहाटे कोणी पळताना दिसलं तर कोणी मान वर करत नाही. दूध नेणारा दूध नेतो, पळणारा पळतो. पळणं हे काम आहे. पण पन्नाशीकडे झुकलेला माणूस, कुठल्या शर्यतीत नाव नाही, मागे कोणी बाई नाही, एकटाच पळतोय म्हटल्यावर लोक बघतात. चहाच्या टपरीवरचा लिमो माझा लहानपणचा सोबती. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "किमोसोप, कुणाचं वासरू सुटलं?" सगळे हसले. मग त्यांना आठवलं आणि ते गप्प झाले. लिमोने न मागता चहाचा कप पुढे केला. त्यानंतर मात्र तो रोज काहीतरी टोमणा मारायचाच, आणि मला ते बरं वाटायचं. गप्प बसणारी माणसं मी खूप बघितली होती त्या महिन्यांत.

मी पळायला लागलो ते हौसेने नव्हे. जेलागात लग्नाआधीपासून पळायची. आमची चेप्तू झाली, तिचं दूध तुटलं, आणि जेलागात परत रस्त्यावर जाऊ लागली. पळणाऱ्या बाईला पुढे एक पुरुष लागतो. तो वेग धरतो, वारा अंगावर घेतो, कुत्री हाकलतो. त्याला सगळे ससा म्हणतात. जेलागातचा ससा खालच्या, पळणाऱ्यांच्या छावणीतला एक उंच तरुण होता, बिचारा तोंडातून शब्द काढायचा नाही. पण माझ्या थोरल्या भावाला ते बघवेना. अंधारात तुझ्या बायकोच्या पुढे दुसराच पळतोय आणि तू गाय पिळत बसलायस, असं तो चारचौघांत म्हणाला. मी घरी येऊन रागारागाने ते तिला सांगितलं. ती चूल फुंकत होती.

"मग तुम्ही या," ती म्हणाली. "गाय मी परत आल्यावर पिळीन."

पहिल्या दिवशी सायप्रसच्या झाडांपर्यंत पोचायच्या आत मी ओकलो. ती रस्त्यातच खाली बसून हसायला लागली. म्हणाली, चेप्तूचे बाबा, आता वारा कुणी अडवायचा? मला इतका राग आला की मी उठून परत पळालो आणि पुढच्या वळणावर परत ओकलो. घरी येताना तिने माझा हात धरला होता. आमच्याकडे दिवसाउजेडी नवराबायको असं चालत नाहीत. पण उजाडलं नव्हतं.

पहिला पावसाळा मी तिच्या मागेच होतो. मग बरोबर आलो. मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी पुढे आहे आणि ती मागून काही बोलत नाहीये. तेव्हापासून मी तिचा ससा झालो. टपरीवर लिमो ओरडायचा, आला ससा, कोबीचं पान आणा. माझ्या भावाला तर तेही पटलं नाही. आता तो म्हणायला लागला की पुरुषासारखा पुरुष बायकोसाठी पळतो.

लोक विचारतात, इतकी वर्षं पळून तुला मिळालं काय. मला पदक नाही, माझा फोटो कुठे नाही. जेलागातला थोडंफार मिळालं, त्यात पत्र्याचं छप्पर झालं आणि दोन गायी आल्या. मला मिळालं ते असं सांगायला लागलं की फार थोडं वाटतं. मला झोप लागायला लागली. आधी मी संध्याकाळी मक्याची दारू प्यायला जायचो, ते आपोआप सुटलं, कारण पहाटे पोट ढवळायचं. भावाशी बांधावरून भांडण होतं ते तसंच राहिलं, पण त्याचा विचार डोक्यात फिरेनासा झाला. आणि परत येताना आम्ही चालत यायचो. त्या चालण्यात आम्ही जे बोललो ते दुसऱ्या कोणत्या वेळी बोललो नसतो. चेप्तूला पुढे काय शिकवायचं, जेलागातच्या आईला कुणी सांभाळायचं, दुसरं मूल पोटातच गेलं त्याचं काय करायचं, म्हणजे त्याला नाव द्यायचं की नाही. घाम गारठत असताना माणूस खोटं बोलत नाही. आमचं तरी तसं होतं.

पळताना मात्र बोलायचं नाही. सशाने मागेही बघायचं नसतं. मान वळली की वेग तुटतो, आणि मागच्या बाईला वाटतं, याला माझी खात्री नाही. म्हणून मी तिला पळताना फारसं बघितलंच नाही. शर्यतीत गर्दीतून क्षणभर दिसायची तेवढीच. ती मला ऐकू यायची. डाव्या खांद्याच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. तिचा श्वास नाकातून यायचा आणि सोडताना शेवटी थोडा अडखळायचा, दारात पाय अडखळावा तसा. त्यावरून मला सगळं कळायचं. पाळी आली की कळायचं. रागात असली की कळायचं. खडीच्या खाणीजवळचा चढ आला की तिच्या कुशीत कळ यायची, ते दुसरं मूल गेल्यापासूनचं होतं. तिने कधी सांगितलं नाही. श्वास बदलायचा आणि मी वेग थोडा सोडायचो. मीही कधी बोललो नाही. वर पोचलो की आम्ही परत वेग धरायचो.

पोटात गाठ आहे हे कळलं तेव्हा ती फार मोठी झाली होती. एल्डोरेटच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. शेवटचे दिवस ती पडवीत खाटेवर असायची आणि पहाटे रस्त्यावरून पळणाऱ्यांचे पाय वाजले की डोळे उघडायची. कोण आहे ते पायांवरून ओळखायची आणि मला सांगायची.

तर बटाटे काढून झाल्यावर मी एकटा पळायला गेलो. सायप्रसपर्यंत काही नव्हतं, फक्त दम. पुढे उतार आहे, तिथे पाय सैल होतात. तिथे ती मागे आली.

मला भूतबित दिसत नाही. मी रविवारी चर्चला जातो, आणि डोकंही ठिकाणावर आहे. पण पाय तिच्याच वेगाने पडत होते, इतक्या वर्षांत त्यांना दुसरा वेग माहीतच नव्हता, आणि त्या वेगात पडले की डाव्या खांद्यामागे तो अडखळणारा श्वास मला ऐकू यायला लागायचा. खाणीजवळ मी वेग सोडला. वर पोचल्यावर परत धरला. घरी येताना चालत आलो आणि काही बोललो नाही, कारण चालताना ती नसायची. पळतानाच असायची.

असं मी रोज जाऊ लागलो. बरेच महिने. लिमो म्हणायचा, ऑलिंपिकला जायचा विचार आहे वाटतं. मी हसायचो. चेप्तू नर्सिंग शिकायला एल्डोरेटला होती, फोनवर विचारायची, बाबा जेवता ना? मी सांगायचो, मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजी केली, दूध प्यायलो. ते खरं होतं. मी जेवत होतो, झोपत होतो, कारण पहाट व्हायची होती.

मग चेरोनो आली.

चेरोनो आमच्या वरच्या शेतातल्या शेजाऱ्यांची मुलगी. ती शाळेत होती तेव्हा जेलागातनेच तिला पळायला लावलं, स्वतःचे जुने बूट दिले, पुढे कापूस घालून. आता तिचं लग्न झालं होतं, एक तान्ही मुलगी होती. नवरा तिचा ससा होता, पण त्याला पोलिसांत नोकरी लागली आणि तो नैरोबीला गेला. दोन महिन्यांनी निवडीची शर्यत होती. त्यात पहिल्या काहींत आली तर बाहेर देशात शर्यत मिळणार होती. बाळ पाठीला बांधून ती माझ्या कुंपणाशी उभी राहिली आणि म्हणाली, काका, माझ्या पुढे पळाल का?

मी नाही म्हणालो. छावणीत तरुण मुलं आहेत, त्यांना विचार. ती म्हणाली, विचारलं. ते वेगात सुरू करतात, मग मोबाईल बघतात, मग परत वेगात. तुमच्यासारखा सपाट वेग कुणाचा नाही, असं जेलागात काकूच म्हणायच्या. मी परत नाही म्हणालो. तिने कारण विचारलं नाही, मला वाटतं तिला वाटलं की मी म्हातारा झालोय आणि सांगायला लाजतोय.

कारण मला सांगता आलं नसतं. दुसरं कोणी मागे पळायला लागलं की त्या जागी दुसरा श्वास येणार. ती जागा एकच होती.

रात्री चेप्तूचा फोन आला. चेरोनोने तिला सांगितलं होतं. चेप्तू म्हणाली, बाबा, आई असती तर तुम्हाला हाताला धरून नेलं असतं. ते खरंच होतं. जेलागातने मला ढकलत नेलं असतं आणि वर चिडवलंही असतं. तिच्यासाठीच मी नाही म्हणत होतो आणि तिलाच ते आवडलं नसतं. यातून मला वाट काढता आली नाही. दुसऱ्या दिवशी मी चेरोनोच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

ती तोंडाने श्वास घेते. आखूड, भराभर, एखादं पोर काहीतरी सांगायला धावत येतं तसा. सायप्रसपर्यंत मला तो डोक्यात खिळ्यासारखा लागत होता. मी माझ्याच वेगाने पळत राहिलो, म्हणजे जेलागातच्या. उतारावर मला वाटलं, दोघी आहेत मागे. जरा बरं वाटलं. मग खाणीचा चढ आला आणि मी वेग सोडला.

चेरोनोचा पाय माझ्या टाचेवर पडला. आम्ही दोघंही खडीवर आपटलो. माझं कोपर सोलवटलं, तिचे दोन्ही गुडघे फुटले. लिमोला हे कळलं असतं तर वर्षभर पुरलं असतं.

ती उठली आणि मोठ्या माणसाशी बोलू नये तसं बोलली. "काका, तुम्ही कुणाला घेऊन पळताय?"

मी कोपराची माती झटकली. ती गुडघ्यातले खडे काढत होती. थोड्या वेळाने तिने हळू आवाजात माफी मागितली. मग मी तिला सांगितलं. या चढावर जेलागातच्या कुशीत कळ यायची, म्हणून मी इथे हळू होतो. तिला हे माहीत नव्हतं. काकूला कधी काही दुखतं असं कुणालाच माहीत नव्हतं.

"पण मला इथे कळ येत नाही, काका," ती म्हणाली. तिने ते मला लागावं म्हणून सांगितलं नाही. तिला रडू येत होतं. "मला इथे वेग पाहिजे. निवडीत सगळ्याजणी चढावरच पुढे निघतात."

तिचं बरोबर होतं. माझं काम तिच्यासाठी पळायचं होतं, आणि मी ते करत नव्हतो. आमच्याकडे सशाने फसवलं तर त्याला रस्त्यात कोणी नमस्कारही करत नाही. त्या दिवशी तिथे बसून मी ठरवलं. काय जाणार आहे ते मला माहीत होतं. रागाने नाही, दुःखाने नाही, जसं गाय विकायची ठरवतात तसं ठरवलं. मग उठलो आणि म्हणालो, चल, परत खालून.

दुसऱ्यांदा मी तो चढ चेरोनोच्या वेगाने चढलो. तिथे हळू न होणं फार जड गेलं. पाय आपोआप सैल होत होते आणि मी त्यांना ओढत होतो. आपल्या माणसाला दुखतंय हे माहीत असताना त्याला रेटत न्यावं, तसं वाटलं.

मग दिवस गेले. ते कसे गेले हे मला कळलं नाही, कारण काम होतं आणि मी ते नीट करत होतो. मंगळवारी मैदानावर, गुरुवारी वेग चढवत उतरवत, शनिवारी लांबचं. चेरोनो सुधारत होती. परत येताना ती बाळाबद्दल बोलायची, सासूबद्दल बोलायची, सासूची नक्कल करायची. एकदा मी इतका हसलो की थांबावं लागलं. टपरीवर लिमो म्हणाला, सशाला नवी पालवी फुटली. मी त्याला शिवी दिली. भूक लागत होती. झोप येत होती. पहिल्या वेळी मिळालं होतं ते सगळं परत मिळत होतं, आणि मी खात होतो, झोपत होतो, हसत होतो.

एका शुक्रवारी पळताना चेरोनोचा श्वास मला वेगळा लागला. आत येताना जाड, आणि शेवटी एक बारीक शीळ. छाती भरायला लागली होती. तिला अजून कळलं नव्हतं, खोकला आला नव्हता. मी वेग थोडा कमी केला. ती मागून काही बोलली नाही.

घरी येऊन मी बादलीतलं पाणी तोंडावर मारत होतो तेव्हा माझ्या मनात आलं, हे मला कसं कळलं. मग वाटलं, जेलागातला सर्दी व्हायची तेव्हा कसं वाजायचं? मी डोळे मिटून उभा राहिलो. चेरोनोची शीळ ऐकू आली. ती बाजूला सारून मी जेलागातचा रोजचा श्वास आठवायचा प्रयत्न केला. नाकातून आत. सोडताना शेवटी अडखळतो. हे मला शब्दांत माहीत होतं. तुम्हाला आता जेवढं माहीत आहे तेवढंच. कानात काही नव्हतं.

रविवारी कोणी पळत नाही. मी चर्चला न जाता रस्त्यावर गेलो. एकटा. उतारावर पाय सैल सोडले, जुना वेग शोधला. मिळाला असं वाटलं, मग तो हातातून सुटला, मग वाटलं हा चेरोनोचा आहे. खाणीच्या चढावर मी वेग सोडला, पण तो मी सोडला होता. कुणासाठी सुटला नव्हता. डाव्या खांद्याच्या मागे काहीच नव्हतं. माझाच श्वास होता, मोठा, खरखरीत, आणि मी तो थांबवून ऐकायचा प्रयत्न करत होतो. दम कोंडून पळता येत नाही. मी तिथेच थांबलो. चर्चला जाणारी माणसं चांगल्या कपड्यांत वरून येत होती. कुणीतरी विचारलं, चेप्तूचे बाबा, बरं वाटत नाही का? मी हो म्हणालो.

सोमवारी मी गेलो नाही. चेरोनो वाट बघून परत गेली असणार. मंगळवारीही गेलो नाही. संध्याकाळी ती आली, बाळ पाठीवर झोपलेलं. तिने मला सरळ विचारलं, काका, उद्या येणार की नाही ते सांगा, नाहीतर मी दुसरा कुणी बघते. निवड जवळ आली आहे.

मी तिला बसायला सांगितलं. मला हे कुणालातरी विचारायचंच होतं, आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

"जेलागातचा श्वास तुला आठवतो का?" मी म्हणालो. "पळतानाचा?"

तिने खरंच आठवून बघितलं, ते मला दिसलं.

"नाही, काका," ती म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर पळायची तेव्हा त्या लांब पुढे असायच्या. मला फक्त पाठ दिसायची. ती आठवते."

"कशी होती?"

"पळताना?" तिने बसल्या बसल्या खांदे किंचित मागे घेतले, मान थोडी डावीकडे कलती केली. "अशी. उजवा हात जरा बाहेर जायचा. कोपराने कुणाला तरी बाजूला सारल्यासारखा."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी पुढे होतो. मी तिला परत करून दाखवायला सांगितलं. तिने केलं, मग बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. ती उठून त्याला हलवायला लागली आणि खोकली.

मी म्हणालो, "तीन-चार दिवस पळायचं नाही. छाती भरली आहे तुझी."

"नुसता घसा आहे."

"शुक्रवारपासून आहे. गरम दूध पी आणि झोप. शनिवारी सावकाश निघू."

शुक्रवारी तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. मग तिने मान हलवली, बाळाला नीट बांधलं आणि म्हणाली, "शनिवारी आलात नाहीत तर मी घरात येऊन ओढून नेईन."

"ये," मी म्हणालो.

ती कुंपणापलीकडे गेली. गाय पिळायची राहिली होती. मी भांडं घेऊन गोठ्यात गेलो, आणि बसायच्या आधी, तिथे कोणी नव्हतं म्हणून, खांदे मागे घेऊन मान डावीकडे कलती केली आणि उजवा हात थोडा बाहेर नेऊन बघितला. मला ते नीट जमलं नाही.